बंदुकीच्या टॉर्चला बाळाचं टोपडं

मला बंदुकीची भीती वाटते, आजही वाटते, आणि माझा नवरा नेमका बंदूकवाला. मकरपुऱ्याला एका गोडाऊनवर सिक्युरिटीत होते हे. बंदूक तिकडेच कुलपात राहते असं सांगितलं म्हणून मी लग्नाला हो म्हटलं. आणि एक दिवस हे बंदुकीच्या नळीखाली लावायची टॉर्चच घरी घेऊन आले, क्लॅम्पसकट, तर मी मुलीला उचलून मोरीत जाऊन उभी राहिले.

"अगं बाहेर ये, नुसती बॅटरी आहे ती!"

"मग घरी कशाला आणलीत?"

"विझते म्हणून."

झालं असं होतं की गोळी सुटली की बंदूक मागे धक्का मारते, तो टॉर्चलाही बसतो, आणि सरावाच्या वेळी ह्यांची टॉर्च पहिल्याच गोळीला विझली. शिवाय वळताना भिंतीला आपटून काचेला चीर गेली ती वेगळीच. साहेब म्हणाले, रविवारी परत बघतो, विझली तर बंदूक ठेव, लाठी घे आणि पादरा गावच्या गोडाऊनवर जा, तिथेच राहायचं, घरी पंधरवड्याने.

तरसालीच्या एका खोलीत मी, गुडघे धरून बसलेल्या सासूबाई आणि चार महिन्यांची मुलगी. तिला ताप चढला तर मी कोणाला हाक मारू? मला तर रिक्षा थांबवायचीसुद्धा भीती वाटायची तेव्हा.

काच नवीन घातली. पण बंदूक नाही तर धक्का कुठून आणायचा? ह्यांनी टॉर्च कपड्यांच्या धोपाटण्याला बांधली, गुंडाळलेली गादी भिंतीला टेकवली आणि दणकन मारली. विझली. परत मारली. विझली. शेजारच्या गुजराती बेन धावत आल्या, "शुं थयुं बेन, मारे छे तमने?"

"नाही हो, टॉर्च मारताहेत," मी म्हटलं. त्या दारातच उभ्या राहिल्या, गेल्याच नाहीत.

मुलगी मात्र खुश. टॉर्च हलवली की आत सेल खुळखुळायचे आणि ही खिदळायची. तेव्हा मला वाटलं, अरे, हे तर रिक्षातल्या बाळासारखं झालं, मान डुगडुगते म्हणून दोन्ही बाजूंनी दुपटं खुपसतो ना आपण? मी सेलांना कागदाचा वेढा घातला, आतली स्प्रिंग ओढून जरा लांब केली, घट्ट झाकण लावलं आणि तिच्या कानाशी हलवली. आवाज नाही. तिने भोकाड पसरलं.

"रडली!" हे ओरडले. "रडली गं, झालं काम!"

"पोर रडतेय आणि बाप नाचतोय," सासूबाई म्हणाल्या.

मग क्लॅम्पच्या आत सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातला, लोखंड लोखंडावर नको म्हणून. काचेभोवती कुकरची जुनी रिंग कापून बसवली. आणि आपटली तर? सासूबाईंनी मुलीच्या डोक्यावरचं टोपडं काढलं, गुलाबी, झालर लावलेलं, आणि टॉर्चच्या डोक्यावर चढवलं. काच बरोबर चेहऱ्यासारखी आत राहिली, झालर पुढे. नाड्या खाली बांधल्या. मग काजळाची तीट लावली, मी काचेला नको म्हटलं म्हणून टोपड्याला.

"हे घालून जाऊ मी?" हे म्हणाले.

"मग पादऱ्याला जा," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना उलट बोलले असेन.

रविवारी दुपारभर मी दारातच. हे आले ते पडलेल्या चेहऱ्याने.

"विझली?"

"नाही. दोन्ही नळ्यांतून गोळी झाडली, टॉर्च भिंतीवर आपटली, तरी जळत राहिली. सगळे हसून लोळले. मग साहेब म्हणाले, एवढी पक्की टॉर्च आहे तर पादऱ्यालाच जा, बंदुकीसकट. तिकडे अंधार फार."

मी मुलीला उचललं आणि मोरीकडे निघाले.

"मग मी म्हटलं, साहेब, हे रोज सोडून परत बांधावं लागतं. माझ्या बायकोलाच जमतं. ती तरसाली सोडून कुठे येणार नाही."

"खोटं?"

"अर्धं. साहेब विचारात पडले. म्हणाले, मग तू इथेच राहा."

एवढं बोलून ह्यांनी पाठीमागची पिशवी पुढे केली. आत गोडाऊनवरच्या सगळ्या बंदुकांच्या टॉर्च होत्या, उघड्या डोक्याच्या.

शेजारच्या बेन संध्याकाळी आल्या तेव्हा मुलगी माझ्या मांडीवर होती आणि पाळण्यात टोपडी घातलेल्या टॉर्च ओळीने झोपवल्या होत्या. बेननी वाकून बघितलं, एकीची झालर सरळ केली, आणि झोपलेल्यांना जाग येऊ नये अशा हळू आवाजात विचारलं, "सूई गया बधा?"