पांढऱ्या जेडला लागलेलं कुंकू

बाबा, मी निघाले तेव्हा तुम्ही विमानतळावर आला नाहीत. आपल्या पुण्याच्या कारखान्यात पुष्कराजाला पैलू पाडत बसलात आणि मान वर न करता म्हणालात, "हात थांबवू नकोस." मी रागात पाया न पडताच निघाले. त्याची चुटपुट अजून लागते.

इथे डच मुलखात, फोरबर्गला आले ती निखिलची बायको म्हणून, डिपेंडंट व्हिसावर. तो सकाळीच ट्रेनने झुइडासला ऑफिसला जायचा आणि मी दोन वर्षं भिंतींशी बोलत होते. एकदा सायकलवरून जाताना एका तळघरातून चाकावर दगड घासल्याचा आवाज आला, ओळखीचा! तिथे चिनी मास्टर भेटले, पांढऱ्या जेड दगडाचे कारागीर. मी त्यांच्या हाताखाली शिकायला लागले. त्यांचं डच तोडकं, माझं त्याहून. पण काम समजायला भाषा कशाला लागते?

जेड छिन्नीला दाद देत नाही. ओली वाळू आणि फिरतं चाक, बस, झिजवत राहायचं. पूर्वी राजवाड्यात एकेका भांड्यापायी कारागिरांची वर्षं जायची, मास्टर सांगायचे. हिंदुस्तानातले कागदासारखे पातळ प्याले चीनच्या बादशहाला फार आवडायचे, हे ऐकून मला कोण अभिमान!

वयामुळे मास्टरांचे हात थरथरायला लागले होते. कमळाच्या पाकळ्यांचा शेवटचा प्याला त्यांनी माझ्यावर सोपवला. म्हणाले, "हा झाला की चाक तुझं."

खंडेनवमीला मी शहाणीने काय करावं? आपल्या सवयीने हत्यारांना हळदकुंकू वाहिलं आणि प्याल्यालाही ओल्या कुंकवाचं बोट लावलं. त्याला केसाएवढी चीर होती. लाल रंग आत उतरला. धुतला, पुसला, छे! मास्टरांना न सांगता तो डाग घासत बसले. घासत गेले, घासत गेले आणि पाकळीला आरपार भोक पडलं.

मास्टर ओरडले असते तर बरं झालं असतं हो. त्यांनी भोकावरून बोट फिरवलं, माझ्या एप्रनची घडी करून माझ्या हातात दिली आणि दार लावून घेतलं. चारदा जाऊन बेल वाजवली. पाचव्यांदा गेले तर तळघर रिकामं होतं.

आता मी सुपरमार्केटमध्ये फळ्यांवर माल लावते. तुम्ही फोनवर विचारता, "कमळ कुठवर आलं?" मी म्हणते, "होतंय, बाबा." मग तुम्ही ते शेजारच्या सोनारकाकांना कौतुकाने सांगता, तेही मला ऐकू येतं. निखिल म्हणतो, यंदा उन्हाळ्यात घरी जाऊन येऊ. कुठल्या तोंडाने येऊ? साऱ्या जगात त्या एकाच घरात मी अजून कारागीर आहे, बाबा. तुमचं हे वाचून होईपर्यंत तरी.