मोडलेलं औषध

भुईआवळी पावसाळ्यात उकिरड्यावरसुद्धा उगवते. तापाला तिचा काढा, खरजेला मिठात वाटलेला पाला आणि काविळीला मुळासकट वाटून ताकातून, अनशापोटी. पण माझ्या नवऱ्याला कावीळ झाली ती ऐन वैशाखात. रझाकारी मिटून सात-आठ वर्षं झाली होती, मी वीस वर्षांची होते. मुरुमच्या डॉक्टरांनी सोलापूरला न्या म्हणून सांगितलं. ह्यांनी साफ नकार दिला. शेजारचे आबा काविळीचं औषध देत, त्यांच्यावरच ह्यांचा भरवसा.

आबांचं औषध बुधवारी आणि रविवारीच. आदल्या सांजेला झाडाला हळदकुंकू वाहून आवतण द्यायचं, पहाटे उपटायचं आणि आबांच्या हातात देईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. दोन दिवस उन्हात रानं पालथी घातली, तेव्हा एका विहिरीच्या पाटाकडेला, ओलीत, एकच रोप सापडलं. शनिवारी आवतण दिलं. रविवारी रोप पदरात घेऊन निघाले, तर वेशीजवळ ओळखीची एक बाई भेटली. "मालकांचं कसं हाय गं?" म्हणाली. त्या आठवड्यात मला कुणी मायेनं काही विचारलंच नव्हतं. "लई पिवळं झालेत," एवढं तोंडून निघून गेलं.

आबांनी विचारलं, "वाटंत बोललीस का?"

खोटं बोलायची अक्कल मला तेव्हा नव्हती. आबांनी रोप उकिरड्यावर टाकलं. "मोडलं औषध. गुण गेला. आता बुधवारी बघू."

बुधवारपर्यंत धीर कुठून आणायचा? मी रोप उचललं, धुतलं, पाट्यावर वाटलं आणि ताकात कालवून ह्यांच्या ओठाला लावलं. आबांचं अंगण आमच्या भिंतीला लागून. ह्यांनी सगळं ऐकलं होतं.

"मोडलेलं न्हाय घेणार म्या. बुधवारी घिऊ."

"आवं, तुमच्या पाया पडते, एक घोट घ्या."

त्यांनी दात आवळले. मी हनुवटी धरून ओतायला गेले, तर सगळं उशीवर सांडलं.

मंगळवारी दुपारी ते गेले. बायकोनं तोंड उघडलं म्हणून गेला, असं गाव म्हणालं, आणि मी ते खाली मान घालून ऐकलं. त्या पाल्यानं ते वाचले असते की नाही, मला ठाऊक नाही. पण मी दिलेला एक घोट त्यांनी घ्यायला हवा होता. त्याचा राग मला अजून येतो, आणि तो आबांचा नाही, गावाचा नाही, ह्यांचाच येतो.