भासऱ्यांचं प्रस्थान

जगात फिरून दमलेली माणसं पुष्कळ असतील. पण घराबाहेर पाऊल न टाकता प्रवासानं स्वतः दमलेला आणि अख्ख्या गल्लीला दमवणारा माणूस एकच, आणि तो आमच्या नात्यात आहे. माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. खामगावात आमच्यापासून दोन घरं सोडून राहतात. पूर्वी भासरे समोर आले की धाकट्या भावाच्या बायकोनं पदर सारखा करून दाराआड उभं राहायचं, त्यांनीही तिच्याशी बोलायचं नाही, अशी रीत होती. ती रीत किती सोयीची होती हे मला उशिरा कळलं. माझं औषधांचं दुकान आहे. शटर अर्धं वर जातं न जातं तोच आमचे भासरे वाकून आत येतात, काउंटरच्या आतलं माझं स्टूल घेतात आणि ताप-खोकल्याची गिऱ्हाइकं समोर उभी असताना विचारतात, "बाई, व्हिएतनामात ओवा भेटते काय?"

या व्हिएतनामाला कारण माझी जाऊ. लग्नानंतरचा तिचा प्रवास म्हणजे माहेर, बाळंतपणं, लोकांची लग्नं आणि दवाखाने. तिनं कधी कुठं जायचं म्हटलं नाही आणि तिला कोणी विचारलंही नाही. एकदा मोबाईलवर तिनं पाहिलं की दोन्ही बाजूंना उभे डोंगर आहेत, मधून संथ नदी वाहते आहे आणि एक बाई नावेत मागं रेलून चक्क पायांनी वल्ही मारते आहे. जावेनं तो मोबाईल भासऱ्यांच्या ताटाशेजारी नेऊन ठेवला आणि म्हणाली, "मले या नावेत बसाचं हाय. गुडघे चालतात तवर." भासरे नुकतेच रिटायर झाले होते. त्यांनी पाणी पिऊन उत्तर दिलं, "जाऊ ना. पण दोन दिवसांची धावपळ नाई. चांगले तीन आठवडे जाऊ, पुरा देश पाहू." पुण्याचा मुलगा म्हणत होता की एखाद्या सहलीवाल्याबरोबर जा, तो सगळं पाहील. भासऱ्यांना ते पटलं नाही. "ते लोकाइले झेंड्यामागं पळवतात. मी काय मेंढरू हाव काय?"

इथपर्यंत सगळं ठीक होतं. अडचण होती भासऱ्यांच्या स्वभावात, म्हणजे त्यांच्या धंद्यात. त्यांचा सगळा जन्म सरकी काढणाऱ्या एका जिनिंग कारखान्यात कापूस पारखण्यात गेला. गाडीतल्या कापसात कोपरापर्यंत हात घालायचा, मधला पुंजका काढायचा, दोन अंगठ्यांत धरून ओढायचा, तंतू उजेडात धरायचा आणि मगच भाव बोलायचा. वर कोरडा माल रचून आत ओला घालणारे त्यांनी फार पाहिले. त्यामुळे वरच्या थरावर त्यांचा विश्वास राहिलेला नाही. भाजीवालीच्या टोपलीतली भेंडीसुद्धा ते तळातून काढतात. मुलासाठी मुलगी पाहायला गेले तेव्हा बैठकीत पोह्यांची बशी तशीच ठेवून मागच्या अंगणात गेले आणि कढईचं बूड कसं घासलं आहे ते पाहून आले. "नमुना पाह्यल्याबगर सौदा नाई," हे त्यांचं वाक्य आमच्या घरातल्या लहान पोरांनासुद्धा पाठ आहे. आता अख्खा देश घ्यायचा, तर त्याचाही नमुना नको का?

मग नमुने सुरू झाले. तिकडे शेवया तिखट पाण्यात घालून दोन काड्यांनी खातात असं कळल्यावर जावेनं शेवयांची खीर करायची ती चिंचेच्या पाण्यात केली, आणि दोघं माझ्या विणकामाच्या सुया घेऊन जेवायला बसले. भासऱ्यांच्या वाट्याला त्या दिवशी उपास आला. एकदा मी सांडगे द्यायला गेले तर दोन खुर्च्या कपाटाला चिकटवून नवरा-बायको गुडघे जवळ घेऊन बसलेले. जाऊ कपाटाच्या बाजूला, कारण ती विमानाची खिडकी. मी म्हटलं, "ताई, चहा टाका ना." ती भासऱ्यांकडे पाहत म्हणाली, "उठता येत नाई, बाई. अजून उतरलो नाई आमी." चढ-उताराचा नमुना म्हणून ते तिला जळगाव जामोदला घेऊन गेले आणि सातपुड्याच्या पायथ्याची एक टेकडी चढायला लावली. भासरे खूश होऊन परतले. जाऊ परतली ती जीपमधून उतरेचना. गुडघे भाकरीसारखे फुगले होते. मी मलम दिलं, पट्टे दिले आणि भासऱ्यांना म्हटलं, "भाऊजी, गुडघ्यांचा माल थोडा शिल्लक आहे. तो नमुन्यातच संपवू नका." ते म्हणाले, "म्हणूनच त तपासून राह्यलो."

पण खरा कहर चिखलीला झाला. अनोळखी देशात भाषा येत नसताना निभावायचं कसं, याचा नमुना घ्यायचा ठरला. चिखलीत आपल्याला कोण ओळखतं, असा भासऱ्यांचा हिशेब. एसटीतून उतरल्यापासून परत चढेपर्यंत दोघांनी तोंडातून शब्द काढायचा नाही, सगळं खुणांनी करायचं. चहा बोटानं मागून झाला. मग दाण्याच्या बाजारात एका दुकानासमोर उभे राहून भासरे हातवारे करत तूरडाळ मागू लागले. तूरडाळ हातवाऱ्यांनी कशी मागतात ते मला अजून समजलेलं नाही. दुकानदार होते एक म्हातारे चाचा. पूर्वी कापसाचा व्यापार करायचे आणि भासऱ्यांशी भावावरून भांडण्यात त्यांची निम्मी हयात गेली होती. ते गल्ल्यावरून उठलेच. "या अल्ला! साहेब, जबान को क्या हुआ? अबे, खुर्ची आण रे! साहेबाले बसव!" भासरे हातानं नाही नाही म्हणत राहिले, तसे चाचा जास्तच घाबरले. पंखा लावला, डोक्यावर पाणी थापलं, दवाखान्यात न्यायला ऑटो थांबवला. शेवटी जावेला राहवेना. ती म्हणाली, "काही नाई झालं हो, चाचा. हे सध्या व्हिएतनामात हायेत." यानं चाचांचे डोळेच पाणावले. भासरे घरी पोचायच्या आत खामगावात बातमी पोचली की साहेबांना लकवा मारला आणि तो मेंदूपर्यंत गेला. आठवडाभर लोक केळी घेऊन भेटायला येत होते. भासरे दारात उभे राहून खणखणीत आवाजात सांगायचे, "मले काही झालं नाई!" आणि लोक जावेचा हात धरून हळूच म्हणायचे, "बोलतात त निदान. धीर सोडू नका."

एवढं झाल्यावर तिकिटं निघाली. पण निघायच्या दिवशी अमावस्या आली. आमच्या दिवंगत सासूबाईंची यावर एक तोड होती. चांगल्या दिवशी सामान दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं, म्हणजे आपण निघालो असं होतं. याला प्रस्थान ठेवणं म्हणतात. एकच अट. ते सामान प्रवास केल्याशिवाय घरी परत न्यायचं नाही. भासऱ्यांनी दोन मोठ्या बॅगा, वर सुपारी-हळकुंडाची पुरचुंडी, असं प्रस्थान आमच्या बैठकीत आणून ठेवलं. माझा नवरा म्हणाला, "चार दिवसांचा तर प्रश्न आहे." त्याच दिवशी व्हिएतनामात पूर आल्याची बातमी आली आणि भासऱ्यांनी तिकिटं रद्द केली.

त्यानंतर तिकडे थंडी होती, मग त्यांचं नवीन वर्ष होतं आणि दुकानं बंद असणार होती, मग उकाडा होता. आणि बॅगा आमच्याकडे. त्यांत दोघांचं सगळं चांगलं सामान. नेलकटर लागलं की भासरे आमच्याकडे, वाचायचा चष्मा लागला की आमच्याकडे. खामगावात थंडी पडली तेव्हा सकाळी कुडकुडत यायचे, बॅगेतून स्वेटर काढून घालायचे, ऊब येईपर्यंत माझ्याकडे चहा प्यायचे आणि जाताना स्वेटर घडी करून परत बॅगेत ठेवून कुडकुडत घरी जायचे. मी म्हटलं, "भाऊजी, अंगावर घालून न्या. आईंना काय कळणार आहे?" ते म्हणाले, "तिले नाई, मले कळन ना." मी केर काढताना त्या बॅगा रोज उचलून ठेवत होते. माझी कंबर दुखायला लागली. माझं मलम मीच लावत होते.

एका सकाळी जाऊ गुडघ्याचा पट्टा घ्यायला आली. आताशा तिला दोन घरांचं अंतरही भिंत धरून चालावं लागत होतं. तिनं बॅगेतून पट्टा काढला, बांधला, आणि बॅगेशेजारी दिवाणावर बसली. दुपार झाली तरी बसलेली. भासरे शोधत आले.

"बसली काऊन? सैपाक नाई काय आज?"

"प्रस्थान ठेवलं ना तुमी?"

"ठेवलं. मंग?"

"ते वापस नेता येते काय?"

"नाई येत. माय सांगत जाय."

"मंग मले काऊन नेता? मीबी ठेवली हाय. बॅगेच्या बाजूले."

भासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुमी सांगा हिले." मी चपला घालून दुकानात निघून गेले. नवरा-बायकोच्या भांडणावर गोळी नाही.

जाऊ खरंच राहिली. माझ्या भाज्या निवडायची, आल्यागेल्याला चहा करायची, पण उंबरठा ओलांडायची नाही. दोन घरांपलीकडून करपलेल्या खिचडीचा वास यायचा आणि थोड्या वेळानं भासरे दारात. "हिंग कुठं हाय?" ती शेंगा सोलत म्हणायची, "मसाल्याच्या डब्यामागं." "नाई तिथं." "मंग तळातून पाहा." जेवायला बसा म्हटलं तर बसायचे, मान खाली घालून जेवायचे आणि जायचे. ओठांवर व्हिएतनामाचं नाव नाही.

मग एका दुपारी दुकानात कोणी नसताना ते आले. स्टूल घेतलं नाही. काउंटरच्या बाहेर, गिऱ्हाइकासारखे उभे राहिले.

"बाई, इथं मी बाजारात पडलो त धा लोक उचलतीन. चिखलीचं तुमी आयकलंच. तिथं मले काही झालं, त ही एकटी कोणाले आवाज देईन? साधा फोन लावता येत नाई तिले. सगळ्याचा नमुना पाह्यला मी. याचा कुठं पाहाचा?"

मला खरं म्हणजे त्यांच्यावर ओरडायचं होतं. पण हा प्रश्न खोटा नव्हता. मी म्हटलं, "याचा नमुना मिळत नसतो, भाऊजी. आणि इथं तरी दहा लोक उचलून दवाखान्यात ठेवतील आणि घरी जातील. खाटेजवळ तीच बसेल. तिला फोन लावायला शिकवा. बाकी तिच्या गुडघ्यांवर आहे, आणि ते थांबणार नाहीत."

संध्याकाळी ते आमच्या दिवाणावर जावेशेजारी बसून तिला फोन शिकवत होते. तिला सगळं आधीच येत होतं. त्यांनी विचारलं नव्हतं आणि तिनं सांगितलं नव्हतं. महिनाभरातच दोघं आमच्याच घरून, प्रस्थानाच्या बॅगा घेऊन, पुढची मोठी गाडी गाठायला खामगाव-जलंब गाडीत बसून निघाले. भासऱ्यांनी खिडकीतून मला एवढंच म्हटलं, "बाई, ओवा घेतला."

जावेचा फोन आला तो दुकानात ऐन गर्दीच्या वेळी. पडद्यावर आधी छत दिसलं, मग तिचा कपाळापासून वरचा भाग. तिकडच्या कुठल्याशा लहान गावात भासरे तापानं फणफणले होते. ती म्हणाली, "घाबरू नको बाई, मी नाई घाबरली. हाटेलवालीले हाताले धरून दवाखान्यात नेली. आता या पुड्या दिल्या, तू पाहून सांग." आणि एकेक गोळीचं पाकीट फोनसमोर धरू लागली. मी नावं वाचून सांगत गेले, ही जेवणानंतर, ही आत्ता. मागून भासऱ्यांचा क्षीण आवाज आला, "बाईले म्हण, दुकान सोडून बोलू नका." जाऊ त्यांच्याकडे न वळताच म्हणाली, "तुमी झोपा बे चुपचाप." आयुष्यात पहिल्यांदा तिनं नवऱ्याला बे म्हटलं असावं. ताप उतरला. नावेत ती बसली. तिच्याकडून कळलं की वल्ही मारणारी बाई तिच्याच वयाची होती आणि दोघी वाटभर आपापल्या भाषेत गुडघ्यांविषयी बोलत होत्या.

ते परतले त्याला आता काही महिने झाले. पुरा देश पाहून झाला नाही. निम्मा तर हॉटेलच्या खिडकीतून पाहिला. जावेच्या गुडघ्यांना डॉक्टरांनी आता लांबचं काही नको म्हटलं आहे. भासरे दुकानात येतात, स्टुलावर बसतात, आणि काही विचारत नाहीत. मीच एकदा म्हटलं, "आता पुढं कुठं, भाऊजी?" ते म्हणाले, "पाहू." या माणसाच्या तोंडून मी नुसतं ‘पाहू’ कधी ऐकलं नव्हतं. माझी सकाळ आता मोकळी असते. बिलं वेळेवर होतात.

दिवस कलताना दोघं फिरायला निघतात. फार नाही, आमच्याच दोन-चार गल्ल्या. ती भिंतीऐवजी आता त्यांचा खांदा धरते. कोपऱ्यावर आलं की भासरे थांबतात आणि ती कुठं वळते ते पाहतात. ती कधी बाजाराकडे वळते, कधी उगीच शाळेच्या बाजूला, आणि कधी कुठंच न वळता नुसती उभी राहते. मग तेही उभे राहतात.