सासूबाईंना गाडी लागते

डोंगरावरच्या गावातून खाली समुद्राकडे उतरणारा रस्ता एकशे सदतीस वळणांचा आहे. रस्ता बांधणाऱ्यांनी ती मोजली नव्हती, हळूबाईने मोजली. एकोणीस वर्षं ती याच रस्त्यावर गाडी चालवत होती. गाडी दहा माणसांची, निळी, दार ओढलं की दोनदा खडखडून मगच बंद होणारी. सुट्ट्या लागल्या की आईबाप, पोरंबाळं, आजीआजोबा असं अख्खं घर त्या गाडीत बसे आणि समुद्र बघायला निघे.

हळूबाई हे आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. बाकीच्या ड्रायव्हरांनी हिणवायला दिलं, आणि तिनं ते गाडीच्या मागच्या काचेवर पिवळ्या रंगात रंगवून घेतलं. तेव्हापासून हिणवणाऱ्यांची बोलती बंद झाली. त्यांच्या गाड्या तिला मागे टाकून धुरळा उडवत जात आणि दहा वळणं खाली कडेला उभ्या दिसत, बाहेर पोरं वाकून ओकत असत. हळूबाई त्यांच्या शेजारून आपल्या चालीनं निघून जाई. ती घाई करत नसे आणि वाटेत थांबतही नसे.

त्यामागे तिची एक रीत होती. माणसं गाडीत चढताना ती त्यांचे डोळे बघे. गाडीकडे न बघता जो जमिनीकडे बघतो, त्याला गाडी लागणार हे ती ओळखून असे. त्याला ती पुढे, आपल्या शेजारी बसवी आणि काम देई. डाव्या खिडकीबाहेर रबरी फुग्याचा जुना भोंगा बांधलेला होता, कारण खाऱ्या हवेनं विजेचा हॉर्न निम्मं वर्ष मुकाच असे. वळण यायच्या आधी भोंगा दाबायचा, एकही वळण चुकवायचं नाही, एवढंच काम. लहान पोर असो की मिशा पिळणारा मोठा माणूस, वळणाची वाट बघता बघता त्याला पोटाची आठवण राहत नसे. पुढचं वळण ओळखता यावं म्हणून तिनं वळणांना नावंही दिली होती. एकमेकांकडे पाठ करून वळलेली दोन वळणं म्हणजे भावकी. दरीकडे हळूच झुकणारं ते लाजरं. आणि एकशे चौथं, लांबून अजिबात न दिसणारं आणि दिसलं की सगळी काच व्यापून टाकणारं, ते सासूबाई.

खऱ्या सासूबाईंना हे ठाऊक नव्हतं. त्यांना गाडीतलं काहीच ठाऊक नव्हतं. सासूबाईंना गाडी लागते, हे गावात सूर्य उगवतो तितकं पक्कं होतं. उभ्या आयुष्यात त्या दोनदा गाडीत बसल्या, दोन्ही वेळा चौथ्या वळणावर उतरून पायी घरी आल्या. सुनेच्या कामाबद्दल कोणी विचारलं तर म्हणत, ती खाली कुठंतरी कामाला जाते. त्यापुढे एक अक्षर नाही. सून गाडी चालवते हे त्यांच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं.

मग एका गुरुवारी खालून निरोप आला. समुद्रात घुसलेल्या खडकाळ बेटावर सासूबाईंची थोरली बहीण राहत होती. बावीस वर्षांत दोघींची गाठ नव्हती. थोरलीचे गुडघे गेले होते आणि धाकटीला गाडी लागत होती. आता थोरलीला तिचा मुलगा शनिवारी चारच्या लाँचनं दूरच्या शहरात नेणार होता, कायमचं. सासूबाईंनी निरोप ऐकला, भाजी निवडून संपवली, आणि सुनेकडे न बघता म्हणाल्या, "शनिवारी गाडीत जागा आहे का?"

हळूबाईने शनिवारचे सगळे प्रवासी दुसऱ्या गाडीला देऊन टाकले.

बेटाला जायला दगडी वाट आहे, पण ती ओहोटीपुरती. त्या शनिवारी साडेबाराला ती पाण्याखाली जाणार होती. खाली पोचायला तीन तास लागतात. हळूबाईने सात वाजताच गाडी दारात लावली. नवरा सुतार, त्यानं आईसाठी रातोरात लाकडी पायरी केली होती. आणि इथंच हळूबाईची चूक झाली. परक्यांच्या बाबतीत जी एकोणीस वर्षांत कधी झाली नव्हती, ती घरच्या माणसाच्या बाबतीत झाली. सासूबाई जमिनीकडे बघत होत्या, तिनं ते पाहिलंही. पण सासूला ड्रायव्हरशेजारी बसवून भोंगा वाजवायला कसं सांगायचं? तिनं त्यांना मधल्या बाकावर, मानाच्या जागी बसवलं. दोन्हीकडे उशा दिल्या. वारा लागू नये म्हणून पडदे ओढले.

चौथ्या वळणावर गाडी थांबली. सातव्यावर थांबली. मग दर तीन-चार वळणांनी थांबू लागली. सासूबाई खाली उतरत, दगडाला धरून उभ्या राहत, तोंड धुऊन परत चढत. तक्रार एकदाही केली नाही. नवरा मागे पिशव्या घेऊन बसला होता. तो म्हणाला की या चालीनं आपण पोचेपर्यंत मावशी शहरातून परत येईल. कोणी हसलं नाही. साठ वळणं उतरायला साडेचार तास गेले होते. एकसष्टाव्यावर सासूबाई रस्त्याकडेला बसल्या त्या उठेचनात. पदरानं तोंड पुसून म्हणाल्या की तुम्ही दोघं जा, तिला सांगा मी निघाले होते.

हळूबाई त्यांच्यासमोर उकिडवी बसली.

"आई, माझं चुकलं. परक्याची पोरं मी पुढं बसवते आणि राबवून घेते. तुम्हांला मान द्यायला गेले. आता मान मागं राहू द्या आणि पुढं येऊन भोंगा दाबा."

"या वयात भोंगा?"

"एकही वळण चुकलं तर बोलेन, आधीच सांगते."

सुनेनं बोलेन म्हणावं, हे सासूबाईंना नवीन होतं. त्या उठल्या.

पहिली दहा वळणं त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते. मग भोंगा जरा जोरात वाजू लागला. मग वळण यायच्या कितीतरी आधी वाजू लागला. भावकी आली तेव्हा सुनेनं सांगितलेल्या त्या नावाला त्यांनी मान हलवली. म्हणाल्या की हे मात्र बरोबर ठेवलंयस. ऐंशी गेलं, नव्वद गेलं, गाडी कुठं थांबली नाही. एकशे तीन मागे पडल्यावर नवऱ्याला राहवलं नाही. "आई, पुढचं वळण तुझ्या नावाचं आहे बरं का."

हळूबाईने स्टिअरिंग घट्ट धरलं. वळण आलं, काच भरून आलं. सासूबाईंनी ते नीट पाहून घेतलं.

"मग दोनदा वाजवते," त्या म्हणाल्या, आणि वाजवला.

कड्याखाली गाडी आली तेव्हा एक वाजून गेला होता. दगडी वाटेच्या कडेला खांब आहेत, प्रत्येकावर पांढरा पट्टा. पट्टा भिजला की वाटेवर चाक घालायचं नाही, हा हळूबाईचा नेम. पट्टा चार बोटं पाण्याखाली होता. पलीकडे, हाकेच्या जरा बाहेर, बेटाच्या कडेला खुर्चीवर एक पांढऱ्या केसांची बाई बसलेली दिसत होती.

सासूबाई म्हणाल्या की एवढंसं तर पाणी आहे, चल. नवराही म्हणाला की दगड दिसतायत अजून. हळूबाईने इंजिन बंद करून किल्ली काढली. दुसऱ्याच्या लेकरांना मी इथं नाही म्हणते, घरच्यांना हो म्हणणार नाही, एवढंच ती बोलली. सासूबाईंचं तोंड पडलं. एकसष्टाव्या वळणावर बसल्या होत्या तशाच त्या खडकावर बसल्या.

पण या पाण्याशी हळूबाईची एकोणीस वर्षांची ओळख होती. वाट जेवढी बुडेल तेवढी होडीला जागा होते, हे ती जाणून होती. तासाभरात खडकांच्या डोक्यावरून होडी येऊ शकली असती. लाटांच्या आवाजात हाक पोचेना, म्हणून ती बॉनेटवर चढली आणि दोन्ही हातांनी वल्ही मारल्यासारखे हवेत हातवारे करू लागली. चाळिशी ओलांडलेली बाई, डोंगराएवढी शांत, आणि भर दुपारी गाडीच्या टपाहून उंच उभी राहून वारा वल्हवतेय. नवऱ्यानं खाली बघितलं. सासूबाईंनी बघितलं नाही. त्या सुनेकडे बघत राहिल्या. पलीकडे खुर्चीशेजारी उभ्या असलेल्या माणसानं बराच वेळ निरखलं, मग तोही हातांनी वल्हवू लागला.

सव्वादोनला होडी आली. थोरलीच्या मुलानं तिला उचलून गाडीत मधल्या बाकावर ठेवलं. सासूबाई शेजारी बसल्या. सुतार आणि त्याचा मावसभाऊ पाण्याकडे तोंड करून उभे राहिले. हळूबाई चाकांतले खडे काढत बसली, तरी एक वाक्य तिच्या कानावर आलंच. थोरलीनं विचारलं होतं की एवढा डोंगर उतरून आलीस कशी.

"ही आमची सून," सासूबाई सांगत होत्या. "गाडी चालवते. या रस्त्यावर हिच्याएवढं कोणाला कळत नाही."

हळूबाईच्या हातातला खडा तसाच राहिला.

सव्वातीनला होडी निघाली आणि बेटाला वळसा घालून लाँचच्या दिशेनं गेली. खडकाआड होईपर्यंत सासूबाई उभ्या होत्या. हळूबाईने तोवर किल्ली लावली नाही. मग त्या आल्या, आपणहून पुढं चढल्या. चढताना पायरीवर त्यांचा पाय सरकला. त्यांच्या पायांत काळ्या पट्ट्याच्या, टाचेला झिजलेल्या, दोन बोटं मोठ्या चपला होत्या.

"तिच्या?" हळूबाईने विचारलं.

"माझ्या तिच्या पायांत आहेत," सासूबाई म्हणाल्या. "तिला चावतील. चल आता, वर चढायचंय, सावकाश."