धबधबा ऐकणारे परबकाका

"तुमचो पंखो रडता," मी दार उघडल्याबरोबर परबकाका म्हणाले. ही आमची पहिली भेट. मुलुंडच्या त्या सोसायटीत राहायला येऊन मला दोनच दिवस झाले होते आणि लुंगी-गंजीतला एक अनोळखी गृहस्थ माझ्या पंख्याची तक्रार घेऊन दारात उभा होता. वरच्या मजल्यावर जाताना त्यांना जिन्यात आवाज आला होता. त्यांनी स्टूल मागितलं, बेअरिंगला तेल सोडलं आणि चहाही न घेता निघून गेले.

काका पंख्यांच्या कारखान्यात टेस्टिंगला होते. तयार पंखा एका शांत खोलीत फिरवायचा आणि कान देऊन पास की नापास ते सांगायचं, हे काम त्यांनी तीसेक वर्षं केलं. निवृत्तीनंतर मग सोसायटी तपासायला घेतली. माझा मिक्सर, लिफ्टची मोटर, तळमजल्यावरच्या आजींचा खोकला, काही म्हणून सुटत नसे. "आवाज खोटा बोलणा नाय, माणूस बोलता," असं म्हणत माणसांच्या तोंडावर यंत्रांची बाजू घ्यायचे.

दर श्रावणात एका रविवारी ते आम्हा चार-पाच जणांना मागच्या डोंगरातल्या धबधब्यावर नेत. वाट अगदी सोपी. वनखात्याच्या चौकीवर नावं लिहायची आणि रानातून तासभर रमतगमत चढायचं. फक्त एका मोठ्या उंबरापाशी आलं की तोंडं बंद, हा काकांचा नियम. तिथून ते मान खाली घालून चालत आणि एकाएकी थांबून म्हणत, "इलो." म्हणजे धबधब्याचा आवाज पोचला. तिथून पाण्यापर्यंत पावलं मोजायची आणि घरी आल्यावर आकडा कॅलेंडरच्या पाठीवर लिहायचा. पहिल्या वर्षी साडेसहाशे भरली. हे कशासाठी, असं मी विचारलं. "बघूक काय, कोणय बघता," काका म्हणाले. "खयसून ऐकाक येता, ता महत्त्वाचा."

मला गंमत वाटली, मग नाद लागला. पानांची सळसळ कुठे संपते आणि पाणी कुठे सुरू होतं, हे कळायला मला दोन श्रावण लागले.

काकांचा आकडा मात्र उतरत चालला होता. साडेसहाशेचे पाचशे झाले, मग साडेतीनशे. चौथ्या वर्षी जेमतेम दीडशे. काका घरी आले ते जेवलेच नाहीत. धबधबा मरतोय, कुणीतरी वर पाणी अडवतंय, असं त्यांनी ठरवून टाकलं. धबधब्याच्या वरच्या पाड्यावर जाईबाई नावाची एक बाई काकडी लावायची आणि वाटेत आम्हाला मीठ लावून विकायची. तिच्या वाडीला ओढ्यावरून एक बोटभर जाडीचा पाइप होता. काकांनी चौकीवर अर्ज दिला. सोसायटीतल्या अठरा जणांच्या सह्या त्यावर होत्या, त्यात माझीही. पुढच्या आठवड्यात पाइप काढून टाकू, असं उत्तर आलं.

आता माझं पाप सांगते. त्या वर्षी आणि त्याच्या आदल्या वर्षीही मला आवाज काकांच्या कितीतरी आधी आला होता. मी बोलले नाही. एक तर नियम होता, आणि परबकाकांपुढे माझ्या कानाची काय पत्रास, आपल्यालाच भास झाला असेल, असं मी धरून चालले. सहीसुद्धा केली.

पाइप निघायच्या आधी पुरावा म्हणून पुन्हा एकदा मोजायचं, म्हणून काका मला एकटीला घेऊन निघाले. उंबर मागे पडला. थोडं पुढे गेल्यावर मला पाणी स्वच्छ ऐकू आलं. काका चालतच राहिले.

"काका, आला," मी म्हणाले.

नियम मोडला म्हणून ते चिडून वळले. मग माझ्याकडे बघत उभे राहिले. "खय?"

"इथे. मागच्या वर्षीही इथेच आला होता."

"मगे बोललंस नाय?"

"तुम्हीच गप्प राहायला सांगितलं होतंत."

मला तिथेच उभी करून ते एकटे पुढे गेले. बऱ्याच वेळाने लांबवर त्यांचा हात वर झाला. तिथून ते पावलं मोजत परत आले. माझ्या आणि त्यांच्या कानांत साडेचारशे पावलांचं अंतर पडलं होतं. ते दगडावर बसले. मला वाटलं, आता हे कोसळणार.

"म्हणजे पाणी होता तितक्याच आसा?"

"आहे."

"खरा सांग."

"अगदी तितकंच आहे, काका."

"मगे बरा," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा खरोखरच सैलावला. रडले ती मी. काका जाऊन आता दोन वर्षं झाली, पण त्यांच्याविषयी मला वाटतो तो सगळा आदर त्या दगडापाशी सुरू होतो.

उतरल्यावर ते थेट चौकीवर गेले आणि अर्ज परत मागितला. वहीत कारण लिहावं लागेल, असं गार्ड म्हणाला. काकांना ते कळलं नाही. "जरा मोठ्यान बोल," असं ते कुणाला म्हणताना मी पहिल्यांदाच ऐकलं. मी घाईघाईने गैरसमज झाला म्हणून लिहा, असं सुचवलं. काकांनी मला हाताने थांबवलं आणि टेबलावर वाकून गार्डला सावकाश मजकूर सांगितला.

"लिही. पाण्याबद्दल तक्रार नाही. अर्जदारास ऐकू येत नाही."