काच निघाली का

शेवटच्या दिवशी आजोबांनी विचारलं, "काच निघाली का?"

आजीला वाटलं खिडकीची म्हणतात, दवाखान्यातली खिडकी वाऱ्याने सारखी वाजत होती. मग त्यांनी आपल्याच डाव्या डोळ्यावर बोट ठेवलं. टपोरीच्या डोळ्यातली म्हणतात होय!

टपोरी म्हणजे नात. जन्मली ती अर्ध्या चेहऱ्यावर लालभडक डाग घेऊन, कपाळापासून गालापर्यंत. त्या बाजूचा डोळा मोठा. सगळे म्हणायचे, काय टपोरा डोळा गं बाई! आजोबांनी नावच पाडलं, टपोरी. पण पोर उजेडाला डोळा मिटायची, पाणी गळायचं, बुबुळ धुरकट झालं. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू.

आजोबांचं फोटोफ्रेमचं दुकान, घराच्याच पुढच्या खोलीत. दिवसभर काचा कापायच्या. काचबिंदू ऐकलं आणि आजोबांनी ठरवूनच टाकलं. "माझ्याच दुकानातली कपची उडाली गं पोरीच्या डोळ्यात."

ऑपरेशन झालं. डॉक्टर बाहेर आले तर हे हात पसरून उभे. "दाखवा."

"काय दाखवू?"

"काच."

"अहो आजोबा, काचबिंदूत काच नसते. त्या डागामुळे डोळ्यातलं पाणी तुंबलं, दाब वाढला. पाण्याला वाट करून दिली, झालं."

आजोबांनी मान डोलावली. आजीला येऊन म्हणाले, "भला माणूस आहे. मला लागू नये म्हणून बोलतो."

पुढे ती वाट बुजली, परत ऑपरेशन, या वेळी बारीक नळी बसवली. आजोबांचं आपलं एकच, "बघ, अजून आत आहे." डोळा वाचला, अंधुक का होईना दिसतं. पण टपोरीला दुकानाचा उंबरा बंद तो बंदच. मोठी झाली, चित्र काढून समजावलं तिने, वैतागली. "आजोबा, काच तुमच्या डोक्यात आहे!"

"असेल बाई. तू बाहेर थांब."

तर त्या शेवटच्या दिवशी आजी म्हणून गेली, "निघाली हो. मी बघितली."

"केवढी होती?"

आता आली का पंचाईत. आजीने नखाचं टोक दाखवलं. "एवढीशी."

त्यांनी डोळे मिटले. संध्याकाळी गेले.

टपोरी रडता रडता चिडली. "नव्हतीच म्हणायचं ना गं आजी! आता खरंच होती असं धरून गेले ते."

आजीला काही सुधरेना. म्हणजे हलके होऊन गेले, का आपण केलं असं समजून गेले? झोपेत विचारलं असेल का? का आजीची थाप कळली होती, उगाच विचारलं केवढी होती? आता विचारायचं कुणाला.

मग त्यांच्या फोटोला फ्रेम करायची निघाली. टपोरीने दुकानाचं दार उघडलं, चप्पल काढली, अनवाणी पाय उंबऱ्यावर ठेवला.

"बाहेर थांब!" आजीच्याच तोंडून निघालं.

टपोरी थांबली. वळून बघायला लागली. आजीही गोंधळली.

"म्हणजे... चप्पल घालून जा. आत काचा असतील."

टपोरीने चप्पल घातली आणि आत गेली.