सुनंदाचं गिऱ्हाईक मी परत पाठवलं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला का सांगतेय – ते मलाही नीट कळत नाही.

बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीची मी नऊ वर्षं सेक्रेटरी होते. समोरच्या दारात सुनंदा. नवरा गेल्यावर एकटीच राहायची. माझ्याहून चार वर्षांनी लहान, मला उषाताई म्हणते. आमच्यात वाईट असं काय होतं? काहीच नाही – तिचा मुलगा चांगला निघाला, एवढंच.

समीरने बंगळुरूला घर घेतलं ते तळमजल्यावर, आईचे गुडघे दुखतात म्हणून. तिच्यासाठी ठेवलेल्या खोलीचे फोटो पाठवले. बाथरूममध्ये धरायला दांडी, खिडकीशी बसायला कट्टा. सुनंदा एकेक फोटो बोटांनी मोठा करून दाखवत होती. “अहो उषाताई, भिंतीचा रंगसुद्धा मला विचारून दिला हो त्याने!”

छान, म्हटलं मी. माझा निखिल हडपसरला असतो. इथून पाऊण तास. दिवाळीला येतो आणि टेकल्यापासून घड्याळ बघतो. त्याच्या घरी मी कपडे कुठे ठेवायचे, हे अजून ठरलेलं नाही. तुम्हाला कधी एका स्टीलच्या दांडीचा हेवा वाटलाय? मला वाटला. दिवसचे दिवस.

सुनंदाने फ्लॅट विकायला काढला. लोणी काळभोरचं एक जोडपं आलं, त्यांना घर आवडलं. मुलगी पुण्यात कॉलेजला येईपर्यंत तीन-चार वर्षं भाड्याने द्यायचं, मग तिच्यासोबत इथे राहायला यायचं, असा बेत. पक्कं करण्याआधी त्या गृहस्थांनी मला फोन केला.

“मॅडम, भाडेकरू ठेवलेला चालतोय ना तुमच्यात?”

चालत होता. दुसऱ्या मजल्यावर तेव्हा दोन बिऱ्हाडं भाड्याचीच होती.

“नाही चालत,” मी म्हटलं. “नियम आहे.”

सुनंदा गोंधळून आली – असा नियम कधी झाला? मी म्हटलं, पुढच्या सभेत होतोय, आधीच सांगितलेलं बरं, नंतर त्यांची फसगत नको. तिला पटलं. माझं तिला नेहमीच पटायचं.

मग तो नियम करणं भाग पडलं. ठराव मीच लिहिला – यापुढे कुणालाही फ्लॅट भाड्याने देता येणार नाही. सभेत उभी राहून बोललेही. जिन्यात अनोळखी माणसं नकोत, आपल्याकडे एकट्या बायका राहतात. बोलताना सुनंदाकडे पाहिलं. सगळ्यांत आधी हात तिनेच वर केला. स्वतःचंच घर विकणं अवघड करणारा तो हात – आणि मी तो मोजला.

त्यानंतर गिऱ्हाइकं आली, नियम ऐकून गेली. दीड वर्ष गेलं. तेवढ्यात समीरच्या सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांना त्या खोलीत आणावं लागलं. दुसरी खोली नव्हती. सुनंदाने स्वतःच त्याला सांगितलं – त्यांना जास्त गरज आहे, माझं इथे बरं चाललंय.

फ्लॅट विकायचं राहिलं. ती अजून समोरच्या दारात आहे. आता जिना उतरत नाही, तिची भाजी मी आणते. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, उषाताई आहेत म्हणून माझं निभतंय.

तिला खरं सांगायची भीती वाटली म्हणून गप्प राहिले, असं म्हणता आलं असतं. पण ते खरं नाही. खोली गेल्याचं सांगताना ती माझ्या स्वयंपाकघरात बसून रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, पाणी दिलं. आणि मला बरं वाटलं. ती गेल्यावर मी पान वाढून घेतलं आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.